मधलं वांगं

मला गाडी लागते. लहानपणी लागायची, तरुणपणी लागायची, आता नातवंडं झाली तरी लागते. चिखलीपासून दोन-तीन कोसांवरच्या आमच्या गावात ही गोष्ट इतकी जगजाहीर होती, की मी यष्टीत चढले की आधी बसलेली माणसं आपापली गाठोडी उचलून मांडीवर घ्यायची. मला फार राग यायचा. पण पुढच्या वळणावर त्यांचंच खरं ठरायचं.

अशा मुलीचं लग्न ठरावं कुणाशी, तर समुद्रापार मोंबाशाला शाळामास्तर असलेल्या माणसाशी. स्थळ डोणगावचं, चांगल्या शेतकरी घरातलं. मराठी राज्य नवीन होतं, माणसं कुठं कुठं नोकरीला जात होती, आणि बाबांना या गोष्टीचं कौतुक होतं. रजेवर आलेल्या मुलाने लग्न केलं, तो महिनाभर राहिला आणि परत गेला. सहा महिन्यांनी माझं बोटीचं तिकीट आलं. तोवर मोंबासा कुठल्या दिशेला आहे हेही मला नीट सांगता येत नव्हतं.

त्या पहिल्या तिकिटाची गत सांगते. मलकापूरला आगगाडी धरायची, म्हणून आम्ही यष्टीने निघालो. बुलढाण्यापर्यंत मी दात आवळून बसले. पुढे राजूरचा घाट लागला आणि माझं सगळं संपलं. मलकापूरच्या फलाटावर बाबांनी मला नळाजवळ आडवं केलं होतं. आगगाडी आली ती दिसली, गेली तीही दिसली, पण उठून बसायचं त्राण अंगात नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जाऊन बोट मिळणार नव्हती. आम्ही परत आलो. येताना तोच घाट चढायचा होता.

आठवड्याभरात डोणगावहून सासरे आले. माणूस वाईट नव्हता, पण तोंडावर बोलायचा. चहा घेऊन झाल्यावर बाबांना म्हणाले, "पाहा, आणखी एक तिकीट येऊन राह्यलं. पोरगं तिकडं एकटं हाय. याही बारीले पोरगी अर्ध्यातून माघारी आली, त मंग तिले इथंच राहू द्या. आम्ही आमचं पाहू."

आमचं पाहू म्हणजे काय, ते दाराआड उभ्या असलेल्या मला लगेच कळलं. बाबांनी पाहुण्यांबरोबर वांग्यांचं एक डालं भरून दिलं.

मग तो कागद आला. मुंबईच्या एजंटाने पाठवलेला बोटीचा नकाशा. लांबट आकार, आत चौकोनच चौकोन, आणि त्यातले तीन लाल पेन्सिलीने रंगवलेले. सोबत नवऱ्याची चिठ्ठी होती. तीन खोल्यांत बायकांसाठी जागा शिल्लक आहे. नकाशाची टोकदार बाजू ती पुढची. एक खोली पुढे, वरच्या मजल्यावर. एक मधोमध, पण खाली, तिला खिडकी नाही. एक अगदी मागे, तिला गोल खिडकी आहे. तुला सोसेल तिच्यावर फुली कर आणि आठ दिवसांत कागद परत पाठव. शेवटी लिहिलं होतं, मला स्वतःला बोट लागत नाही, त्यामुळे मला काही सांगता येत नाही.

ते वाक्य वाचून मी चिठ्ठी फेकून दिली होती. ज्याला लागत नाही त्याने डेकवर हवा खायची आणि जिला लागते तिने फुली करायची. पण करायची कशावर? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, नकाशा सुलटा-उलटा दोन्ही धरून पाहिला. समुद्र सोडा, मी नावेतसुद्धा कधी बसले नव्हते. घरातलंच काय, गावातलं कुणी बसलं नव्हतं.

पहिला सल्ला दिला मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने. भाऊजी यष्टीत कंडक्टर होते, तेव्हा प्रवासातलं त्यांना सगळंच कळतं असं आम्ही धरून चाललो होतो, आणि त्यांनीही तसंच धरलं होतं. त्यांनी नकाशावर टिचकी मारली. "पुढची. डोळे मिटून पुढची घ्या. मागच्या सीटवर माणूस हातभर उडते. म्या रोज पाह्यतो."

हे पटण्यासारखं होतं. यष्टीत मला पुढे बसवलं की एखादं गाव जास्त निभायचं.

बाबा मात्र नकाशाकडे बघतच राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्र कळायचं. चौकोनांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "बोटीले आख कुठी असते?"

"बोटीले चाक नाही, बाबा," भाऊजी हसले. "आख कुठून आणसान?"

"चाक नाही त मंग डोलते कशावर?"

बाबांचं गणित बैलगाडीचं होतं. गाडी भरताना जड माल आखावर, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावर ठेवायचा, पुढे नाही की मागे नाही. आखावरचं पोतं सगळ्यात कमी हादरतं. मलाही हे माहीत होतं. म्हणजे यष्टीच्या हिशेबाने पुढची खोली आणि बैलगाडीच्या हिशेबाने मधली. आणि बोट या दोघींपैकी कुणाची बहीण, हे सांगणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला मळ्यात बोलावलं. विहिरीजवळ आमचा हौद होता, बाजारात न्यायची भाजी त्यात धुवायची. बाबांनी पाण्यावर एक मोठी परात सोडली. परातीत तीन वांगी ठेवली, एक या काठाला, एक मध्ये, एक त्या काठाला. मग हौदाच्या कडेला बसून फळीने पाणी हलवायला लागले. आधी हळू, मग जोरात. काठाची दोन्ही वांगी वर-खाली व्हायला लागली, घरंगळली, एक तर टुपकन पाण्यात गेलं. मधलं तेवढं जागच्या जागी डुलत राहिलं.

"पाह्य," बाबा म्हणाले.

भाऊजी आमच्या मागेच येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "परातीले पुढलं-मागलं कुठी असते, बाबा? ते त गोल हाय."

बाबांनी फळी खाली ठेवली. खरंच की, मलाही वाटलं. तेवढ्यात माय तणतणत आली, वांगी हौदात ओतली आणि परात घेऊन गेली. कणीक मळायची परात अशी मळ्यात आलेली तिला चालत नसे. प्रयोग तिथेच संपला. मी आणखीच गोंधळले.

मायने त्या कागदाकडे इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी मी भाकरी करत होते आणि ती शेजारी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मागची घेजो."

आमच्याकडे लेक सासरी निघाली की दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, मागे तोंड करून बसते. गावाची शीव ओलांडेपर्यंत वळायचं नाही. माय वेशीत उभी राहते, लेक गाडीतून तिच्याकडे बघते, आणि शिवेवरचं चिंचेचं झाड आडवं आलं की दोघींनी तोंड फिरवायचं. मला उलटं तोंड करून बसलं की ढवळतं. लग्नानंतर डोणगावला जाताना मी शिवेच्या आधीच गाडीबाहेर वाकले होते, आणि माय वेशीतून धावत आली होती.

"माय, मुंबईहून आपलं गाव नाही दिसत," मी म्हणाले.

"माहीत हाय मले. मी काय येडी हावो? पण मागच्या खोलीले खिडकी हाय न. इकडली बाजू त दिसन. जितका वेळ दिसन तितका वेळ पाह्यजो. मी पण इकडं उभी राहीन."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी चिडले असते आणि सगळं सोपं झालं असतं. मी हात धुतले, पेन्सिल घेतली आणि मागच्या चौकोनावर फुली केली. पोटाचं काय होईल ते मला चांगलं माहीत होतं. सासऱ्यांचं बोलणंही कानात होतं. तरी केली. का केली, हे विचाराल तर मला आजही धड सांगता येणार नाही. मायने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं आठवत नव्हतं, एवढंच सांगू शकते.

कागद पाकिटात घालून मी बाबांकडे दिला. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिकीट लावून, पाकीट चिकटवून ते चिखलीच्या पोस्टात टाकणार होते. फुली कशावर केली ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाले आणि टोपीत पाकीट ठेवून गेले.

निघायच्या दिवशी भाऊजींनी बुलढाण्यापर्यंत पुढची सीट दिली. घाटाच्या तोंडाशी बाबा मला घेऊन उतरले. ट्रंक भाऊजींबरोबर पुढे गेली आणि आम्ही दोघं राजूरचा घाट पायी उतरलो. उन्हाने जीव गेला, पण पोट जागेवर राहिलं. खाली दुसरी यष्टी धरली. मलकापूरच्या त्या नळाकडे मी बघितलंही नाही.

मुंबईत एजंटाच्या कचेरीत कारकुनाने फाइल उघडली. "मधली, खालच्या मजल्यावरची. बरोबर?"

मी म्हणणार होते, चुकलं तुमचं. पण त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मागच्या चौकोनावर कागद खरवडून खरवडून त्याची लव निघाली होती. आणि मधल्या चौकोनावर जाड रेघेने गोल काढलेला, गोलात फुली. ही खूण मला जन्मापासून माहीत होती. बाजारात डाली अदलाबदल होऊ नयेत म्हणून बाबा आमच्या प्रत्येक डाल्यावर डांबराने हीच खूण करायचे.

मी वळून पाहिलं. बाबा मान वर करून छताचा पंखा न्याहाळत होते.

"बदलायची असेल तर मागच्या खोलीत अजून जागा आहे," कारकून म्हणाला.

मला आधी भयंकर राग आला. मग मायची फार कीव आली, मग बाबांची, आणि मग आपण नक्की कुणावर रागावलोय हेच कळेना. कारकून पेन उघडून बसला होता. पंखा फिरत होता.

"राहू द्या," मी म्हणाले.

धक्क्यावर बाबांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "हलायच्या आधीच आडवी होजो. मंग उठू नको." मी तसंच केलं. खालची खोली, चार बायका, खिडकीच्या जागी नुसता रंगवलेला पत्रा. कधीतरी अंगाखालची फळी थरथरायला लागली, त्यावरून निघालो हे कळलं. वर जाऊन पाहता आलं असतं. मी डोळे घट्ट मिटून पडून राहिले. मुंबई मागे कशी गेली, इकडली बाजू किती वेळ दिसली, मला काही म्हणजे काही माहीत नाही. माय त्या वेळी वेशीत उभी असणार, एवढं मात्र माहीत होतं, आणि त्या विचाराने मी उशीत तोंड खुपसून रडले.

दोन दिवस मी भाताची पेज आणि लिंबावर काढले. उलट्या झाल्या, नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीतल्या एका गुजराती बाईला दोघांनी धरून आमच्या खोलीत आणलं आणि खाली गादी टाकून निजवलं. तिचा चेहरा पाहून मला मलकापूरचा नळ आठवला. तिला पेज मी पाजली. मोंबाशाला नवरा मला उचलून आणायच्या तयारीनेच आला होता. मी जिन्यावरून आपल्या पायांनी उतरले, तर तो माझ्या मागे कुणी धरून आणलेली बाई शोधत होता.

तीन वर्षांनी लेकीला घेऊन माहेरी आले. विचारायचं राहिलं होतं ते मायने पहिल्याच दुपारी विचारलं. "किती वेळ दिसलं वो, बाई?"

बाबा ओसरीवर सुतळी वळत होते. त्यांचे हात थांबले.

"दिवस मावळेपर्यंत," मी म्हणाले. "खिडकीतूनच पाहत होते."

"हाव," माय म्हणाली. "मी पण तवापर्यंतच उभी होती." आणि नातीला कडेवर घेऊन ती आत गेली.

दिवस कलल्यावर मी मळ्यात गेले. बाबा हौदाशी बसून वांगी धूत होते. मी शेजारी बसले आणि धुतलेली डाल्यात टाकायला लागले. डाल्यावर तीच खूण होती, गोलात फुली. कागदाचं मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. डालं भरत आलं तेव्हा त्यांनी पाण्यात बघतच विचारलं.

"मधलं हाललं काय वो?"

"हाललं, बाबा," मी म्हणाले. "पण पडलं नाही."

त्यांनी हातातलं वांगं पुसलं, पुन्हा एकदा पुसलं आणि माझ्याकडे दिलं.