भातखाचरात मिळालेला जबाब

ती घटना मला आजही आठवते, पण माझ्यापेक्षा माझ्या घरच्यांना ती जास्त पाठ आहे. मी सांगायला लागलो की बायको म्हणते, "चिखलाचीच ना?" आणि पोरगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणते, "बाबा, पडलात तिथूनच सुरू करा." खात्यात उमेदीची वर्षं काढली, मारामाऱ्या सोडवल्या, बंदोबस्तात उन्हातान्हात उभा राहिलो. गुडघे बोलायला लागले म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेतली. घरात मात्र कीर्ती उरली ती चिखलात पडलेला साहेब म्हणून. तर पडण्यापर्यंत येऊच, आधी खबर कशी आली ते सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही. बाई, भाऊ, नवरा, सासू आणि संस्थेच्या ताई, एवढ्यांवर ही गोष्ट भागते.

मी तेव्हा वेल्ह्याला सहायक पोलीस निरीक्षक होतो. आता त्याला राजगड तालुका म्हणतात, पण माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय. भातलावणीचे दिवस होते. या दिवसांत आमच्या ठाण्यात तक्रारी कमी येतात, कारण भांडायला कुणाला सवड नसते. ठाणे अंमलदार ओल्या फायली पंख्याखाली पसरून ठेवायचा आणि कागद उडाले की माझ्याकडे पाहायचा, जणू पंखा मी लावलाय. अशा एका सकाळी निनावी फोन आला. डोंगराकडच्या एका वाडीतली सून पिशवी घेऊन भोरच्या एका महिला संस्थेच्या पांढऱ्या जीपमध्ये बसताना दिसली, त्यानंतर ती वाडीत नाही. "ही संस्था बायका पळवते, बघा काय ते," एवढं म्हणून फोन ठेवला.

निनावी फोनवर मी सहसा भरवसा ठेवत नाही. असा फोन करणाऱ्याचा स्वतःचा काहीतरी हिशेब असतोच. पण त्याच दुपारी त्या बाईचा भाऊ उत्रोलीहून आला. अंगावर लावणीचेच कपडे, पायाला वाळलेला चिखल. बहिणीचा मोबाईल कितीतरी दिवस बंद. सासूला विचारलं तर ती म्हणते, रानात असंल, नायतर तुमच्याकडंच आली असंल. नवरा शिरवळला कंपनीची बस चालवतो, सुट्टीला घरी येतो, तो भावाचा फोनच उचलत नाही. भावाने हे सगळं शांतपणे सांगितलं. मग पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "सायेब, ती वाडीखालच्या धरणात असंल तर तेवढं सांगा. आईला मलाच सांगाया लागंल."

हे वाक्य ऐकल्यावर मी मिसिंग दाखल करून घेतली आणि कामाला लागलो.

पहिला धागा मोबाईलचा. सायबरकडून शेवटचं ठिकाण मागवलं. मोबाईल वाडीच्याच टॉवरवर बंद झाला होता, बाहेर कुठे गेलाच नव्हता. म्हणजे बाई जीपमधून गेली आणि मोबाईल घरीच राहिला. आजकाल कुठली बाई मोबाईल न घेता घर सोडते? माझ्या हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं, आणि ते काही बरं नव्हतं.

दुसरा धागा संस्था. तिचं कार्यालय भोरला, बाजारापासून जवळच. गावोगावच्या बायकांना शिवणकाम, शेळीपालन असलं काय काय शिकवायचं, घरगुती भांडणात सल्ला द्यायचा, सरकारी योजनांचे कागद करून द्यायचे, असं त्यांचं काम. तिथल्या मुख्य ताई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आणि मी कितीही आवाज चढवला तरी त्यांचा आवाज जागचा हलत नव्हता. त्यांनी सांगितलं की आमच्याकडे शिकायला आलेल्या बाईचा ठावठिकाणा तिला विचारल्याशिवाय आम्ही कुणालाच देत नाही. मागे एकदा दिला होता, तर नातेवाईक येऊन शिबिरातून बाईला हाताला धरून घेऊन गेले. तो पत्ताही पोलिसांकडूनच बाहेर फुटला होता. मी म्हणालो, ही बाई तुमच्याकडे आहे की नाही तेवढं तरी सांगा. त्यावर त्या म्हणाल्या, "आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही. उद्या सांगते." मी कायद्याची दोन-चार कलमं ऐकवली. त्यांनी ती ऐकून घेतली, चहा मागवला आणि म्हणाल्या, "साहेब, तक्रारदाराशी कसं बोलावं याचंही आम्ही शिबिर घेतो. पोलिसांना सवलत आहे." हवालदार खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते, ते मला दिसले.

उद्यापर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. भाऊ ठाण्याच्या पायरीवर बसून होता, तो उठायला तयार नव्हता. बातमी पसरली होती आणि संस्थेची जीप दिसली तर काचा फोडू, असंही काही लोक बोलायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवऱ्याला चौकशीसाठी बोलावलं. उंच, गप्प माणूस. बायको नाहीशी झाल्याची खबर का दिली नाही, असं विचारलं तर खाली बघून म्हणाला, ठाण्यात येऊन बायको गेली म्हणून सांगायचं, ते बी डोईवर टोपी ठेवून? लाज वाटली. गेल्या सुट्टीला भांडण झालं होतं का? झालं होतं. कशावरून? यावर तो बराच वेळ बोलला नाही. अशा वेळी बहुतेक अधिकारी दुसरा प्रश्न विचारून घोळ करतात. मीही करायचो, पण त्या दिवशी घसा बसला होता म्हणून गप्प राहिलो आणि तेच कामी आलं. तो म्हणाला, "तिला ड्रायविंग शिकायचं हुतं. म्या म्हटलं, घरात एक ड्रायवर बास हाय."

एवढ्यावरून भांडण? हो, एवढ्यावरूनच. मारलं का? नाही. मग ती कुठे आहे? माहीत नाही. तो खरं बोलतोय असं मला वाटत होतं, पण वाटण्यावर तपास चालत नाही. भांडण झालेलं, मोबाईल घरीच, बाई गायब. त्याला ठाण्यात बसवून ठेवला, धरणात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी वरिष्ठांना फोन लावला आणि हवालदाराला घेऊन त्यांच्या शेताची पाहणी करायला वाडीवर निघालो. भावाला ये म्हटलं नव्हतं, पण तो मागच्या सीटवर येऊन बसला. त्याला उतरवायचं धाडस मला झालं नाही.

वाडीवर पोहोचलो तर घराला कडी. अंगण सारवलेलं, गोठ्यातल्या गाईची धार काढलेली, वैरण टाकलेली. शेताकडे गेलो. खाली उतारावर एकाखाली एक खाचरं, आणि त्यातल्या मोठ्या खाचरात बायकांची ओळ वाकून भात लावत होती. अंगावर प्लास्टिकच्या खोळी, काहींच्या डोक्यावर जुनी पानांची इरली. गाणं चाललं होतं. आम्हाला पाहून गाणं थोडं दबलं, हात मात्र थांबले नाहीत.

आता तो प्रसंग, ज्याची माझी पोरगी वाट पाहत असते. बांधावरून पुढे जाताना माझा बूट घसरला आणि मी वर्दीसकट, काठीसकट, बसल्या बैठकीत खाचरात गेलो. टोपी वेगळी पडली. बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीने हात दिला, पण चिखलाने पाय धरून ठेवले होते. मी म्हणालो, जरा थांबा, दम घेऊ द्या, आणि तसाच बसून राहिलो. बसल्या जागेवरून मला काय दिसलं, तर नुसती लावणी. आणि बघता बघता माझ्या डोक्यात एक प्रश्न आला, जो दोन दिवस कोरड्या खुर्चीत बसून आला नव्हता.

हे रान त्या हरवलेल्या सुनेचं होतं. त्यात राबणाऱ्या बायका वाडीतल्या होत्या. मजुरीवर नव्हत्या, सावडीवर होत्या. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या खाचरात यायचं, उद्या मी सगळ्यांच्या खाचरात जायचं. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. माझ्या आजोळी मी हे पाहिलं होतं. ज्याच्या घरात फेडायला माणूस नाही, त्याला लोक एखाद्या दिवशी दया म्हणून मदत करतात, पण सावडीत धरत नाहीत.

ओळीत सगळ्यात कडेला सासू होती. सत्तरीची, कमरेतून वाकलेली, हाताला मात्र वेग. मी चिखलातूनच विचारलं, "मावशी, ही सावड ना?"

"व्हय की."

"मग फेडायला तुमच्या घरनं कोण जाणार? तुमच्यानं सगळीकडं व्हायचं नाही."

तिने हातातली जुडी संपवली. "फेडंल की तीच," म्हणाली. आणि ओळ थांबली. शेजारची बाई हळूच म्हणाली, "आत्ती, काय बोललीस." सासूने कपाळावरचं पाणी मनगटाने पुसलं. "बोलून गेले बया," म्हणाली.

बांधावर उभा असलेला भाऊ खाली उतरला. मी विचारलं, "मावशी, कुठं आहे ते नंतर सांगा. जिवंत आहे ना?"

"जित्ती न्हाई तर काय? मेल्या माणसाची सावड कोण करतं, सायेब? तुमी शेतकऱ्याचं न्हाई वाटतं."

भाऊ त्या खाचरात, नुकत्याच लावलेल्या रोपांवर, मटकन खाली बसला. कुणीही त्याला रोपं मोडली म्हणून बोललं नाही.

मग सगळं बाहेर आलं. वाडीतून आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तर वाडीत वाहन नाही, आणि बाहेरून खासगी जीप बोलवायची तर भाडं परवडत नाही. एसटी येते सकाळ-संध्याकाळ. संस्थेची एक जीप वाडीसाठी मिळण्यासारखी होती, पण अट एकच, चालवणारं माणूस वाडीत राहणारं पाहिजे. पुरुष सगळे दिवसभर शिरवळला नाहीतर पुण्याला. तेव्हा बायकांनी बैठकीत ठरवलं की आपल्यातली एक शिकेल. ही सून धीट, म्हणून ही. रोज जाऊन-येऊन शिकणं जमणारं नाही, म्हणून राहून शिकायचं. तेवढे दिवस तिची गाय, तिचं सारवण, तिची लावणी सगळ्यांनी वाटून घ्यायची. तिने नंतर फेडायची. रानात नव्हे, गाडी चालवून. आणि पक्कं लायसन हातात येईपर्यंत पुरुषांना पत्ता लागू द्यायचा नाही. मोबाईल सासूनेच ठेवून घेतला होता. तांदळाच्या डब्यात होता.

मी म्हणालो, मावशी, पोराला तरी सांगायचं. तो सकाळपासून ठाण्यात बसलाय.

"त्याला सांगितलं आसतं तर त्यो न्हाई म्हणला आसता. मग त्याचं न्हाई मोडून पाठवायची म्हंजे माझ्याच लेकाचा आपमान. न सांगता पाठवली, त्याचा मान बी ऱ्हायला." मग जरा थांबून, "बसला एक दिस ठाण्यात तर काय झिजतोय? च्या पाजला आसंल तुमी."

आणि भावाला का नाही सांगितलं? भावाला सांगितलं म्हणजे त्याच्या बायकोला, आणि तिला सांगितलं म्हणजे भोरच्या बाजारात दवंडी. भाऊ मोडलेली रोपं सरळ करायला लागला. त्याअर्थी ते खरं असावं.

पाणबुड्यांना नको म्हणून कळवलं. भोरच्या ताईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की मी तुम्हालाच लावत होते, तिने भेटायला होकार दिलाय. महिला शिपाई आणि भावाला बरोबर घेऊन चेलाडीवरून हायवेला लागलो. सारोळ्याजवळ, नीरेच्या पुलाच्या अलीकडे, एका मोकळ्या माळावर त्यांचं शिकवणं चालायचं. ती जीपमधून उतरली, पाय पोचावेत म्हणून पाठीमागे ठेवलेली उशी काढून हातात घेतली आणि मला पाहून जागच्या जागी थांबली. भावाकडे तिचं लक्षच नव्हतं. "मला परत न्यायला आलाय का?" तिने विचारलं. "परीक्षा जवळ आलीय. आता सोडलं तर परत कुणी पाठवायचं न्हाई."

मी सांगितलं की तुम्ही सज्ञान आहात. स्वतःच्या मर्जीने आलात, एवढा जबाब द्या, मी परत जातो. वाकड्या अक्षरात तिने सही केली. मिसिंगपुढे 'मिळून आली' असं लिहायचं असतं. खात्यात हे दोन शब्द मी फार वेळा लिहू शकलो नाही, म्हणून त्या दिवशी जरा सावकाशच लिहिले.

भाऊ इतका वेळ जीपच्या टपाला हात लावून उभा होता. त्याने मोबाईल काढला आणि आईला लावला. "आये, बरी हाय. गाडी चालीवती." मग फोन बहिणीच्या हातात देऊन तो पुलाकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडून आईने काय ऐकवलं ते कळलं नाही, पण बाई बराच वेळ नुसती "व्हय, व्हय" म्हणत होती.

नवऱ्याला सोडताना मी सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो कपाळाला हात लावून बसला, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "रिव्हर्स जमतोय का तिला?"

निनावी फोन कुणाचा, तेही पुढे कळलं. त्या भागात खासगी जीपने पेशंटची ने-आण करणारा एकजण होता. वाडीला स्वतःची जीप मिळाली तर त्याचा धंदा बसणार होता. त्याला बोलावून समज दिली, तेवढ्यावर सोडला.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. हरवलेल्या माणसाला शोधताना आम्ही पोलीस त्याच्या वाटेमागे धावतो. कुठे गेलं, कुणाबरोबर गेलं, कुणी पाहिलं. तेव्हापासून मी आधी त्याच्या घरी जाऊन बघायचो, त्याच्या वाट्याचं काम कोण उचलतंय. ते काम कुणीतरी मुकाट्याने करत असेल, तर त्या माणसाची वाट पाहणारं कुणीतरी आहे. आणि वाट पाहणारा बहुतेक वेळा पोलिसांपेक्षा जास्त जाणत असतो. काम तसंच पडून असेल, तर मात्र घाई करावी.

बदली झाली त्या आठवड्यात मी वाडीवर निरोप घ्यायला गेलो होतो. येताना तिच्याच जीपमधून आलो. मागे एक बाळंतीण आणि तिची आई, पुढे डाव्या सीटवर सुट्टीवर आलेला नवरा. घाटात प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मी ते पाहून हसलो. ती हसली नाही. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.