भरल्या ट्रकचा बिघाड

रंगमंचावर ज्या राजवाड्यात मी रुबाबात वावरलो, त्याचा सेट वर्षानुवर्षं आमच्या नाटक कंपनीचं सामान वाहणाऱ्या मामांच्या ट्रकमधून गावोगाव फिरला. शोरूमच्या वर्कशॉपमधून वायरिंग दुरुस्त करून आणल्यापासून मात्र सामान भरलं की ट्रकचे दिवे जायचे. वर्कशॉपमध्ये गाडी रिकामी करूनच घ्यायचा नियम होता, आणि रिकाम्या गाडीत दिवे लख्ख लागायचे.

"मामा, गाडी ठणठणीत आहे. डोळे तपासून घ्या तुमचे," तिथला मिस्त्री हसून म्हणाला.

"अरे, एकदा भरलेली बघ की."

"साहेब आत सोडणार नाहीत."

दर वेळी मामा मान खाली घालून परतायचे. शेवटी एका संध्याकाळी घाटात दिवे गेले, ट्रक तिथेच अडकला आणि आमचा प्रयोग रद्द झाला. नाइलाजाने नाटकाच्या मॅनेजरांनी काम दुसऱ्या ट्रकवाल्याला दिलं.

पुढच्या दौऱ्याचं सामान भरताना मामा तरीही आले. राजवाडा कसा रचायचा, हे त्या नव्या माणसाला ठाऊक नव्हतं. मामांनी एकेक खांब चादरीत गुंडाळून परक्या ट्रकमध्ये चढवला, दोऱ्या आवळल्या. "वळणावर जरा सांभाळून ने बाबा," एवढंच म्हणाले आणि ट्रक दिसेनासा झाल्यावरही रस्त्यातच उभे राहिले.