एक अक्षर
"नोकरी गेली म्हणून लेकरू काय अर्धंच जेवनार हाय का?" शेजारच्या बाकावरची बाई दुसरीला म्हणाली, आणि वडिलांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. जिंतूरच्या कोर्टाबाहेर, कडुनिंबाखाली, टायपिस्ट त्यांचा अर्ज तयार करत होता. कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं काम सुटल्यामुळे माझ्यासाठी आईला द्यायची पोटगी त्यांना कमी करून हवी होती. अर्जात काय लिहिलंय ते बघून ये, म्हणून आईने मला पाठवलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नसल्यामुळे असली कामं नेहमी माझ्याच गळ्यात. प्रिंटरमधून निघालेल्या कागदाला गरम, करपल्यासारखा वास होता. "इंग्लिश मीडियमची हाय, मराठी वाचायला लय येळ लागतो तिला," वडील हसत म्हणाले. "सगळं बरोबर हाय, तुमी सही करा," टायपिस्ट म्हणाला. मी मात्र एकेक अक्षर लावत वाचलं: 'नोकरी गेल्यामुळे पोरगी कमी करून मिळावी.' वडिलांनी पेन उघडलं होतं. आजही गरम कागदाचा तसा वास आला की ती ओळ दिसते, आणि चारचौघांत तोंड न उघडणारी मी तेव्हा बोलले कशी, याचं नवल वाटतं. "काका, इथं पोटगी लिहा," मी म्हणाले. "पोरगी काही कमी होणार नाही."