याडीच्या वावरातला ताग

"हात घाल," याडी म्हणायची. रामराम नाही, पाणी विचारणं नाही. माझं मनगट धरून हात वाळलेल्या तागाखाली मातीत घालायची. "थंड लागते ना? मंग?"

याडी म्हणजे आई. आर्णीकडच्या त्या तांड्यात सगळे तिला याडीच म्हणत. मी तेव्हा नवाकोरा ग्रामसेवक. सायकल, खाकी पिशवी आणि पिशवीत छापील पत्रकं. शेतकऱ्यापेक्षा शेती जास्त कळणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातलाच मी.

नवरा गेल्यावर तिच्याकडे उरलं होतं अर्धा एकर वावर आणि एक उथळ विहीर. पावसाळ्यात ती ताग पेरायची, फुलावर आला की कापून तिथंच आडवा पाडायची आणि त्यातच जागा करून वांग्याची रोपं लावायची. माझ्या पत्रकात ताग जमिनीत गाडा असं होतं. वर पसरा असं कुठंच नव्हतं.

"याडी, हा कचरा कायले ठेवला? गाडायचा असतो थो."

"कचरा नाही, बापू. मातीले ऊन लागते. माह्या विहिरीत पानी कितीक हाये?" मग हसून म्हणाली, "तू गाड तुह्या वावरात."

मला वावरच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

माघात पाहणीला साहेबांची जीप येणार होती आणि माझं नाव बढतीसाठी वर जाणार होतं. रस्त्याला लागून नेमकं याडीचं वावर. मी विनवलं, दटावलं, ती बधली नाही. शेवटी ती बाजाराला गेली त्या दिवशी दोन गडी लावून मी सगळा ताग ओढून काढला आणि धुऱ्यावर, वावराच्या बांधाला, पेटवला. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच अक्कल.

परतल्यावर ती राखेपाशी उभी राहिली. "मले इचारलं असतं तं," एवढंच म्हणाली आणि घागर घेऊन विहिरीवर गेली. दुसऱ्या दिवशी साहेब पाच मिनिटं थांबले, "स्वच्छ आहे" म्हणाले आणि गेले.

फाल्गुनात जमीन भेगाळली. जिथं आठ दिवसांनी पाणी दिलं तरी भागायचं, तिथं रोजचंही पुरेना. ती दिवसभर घागरी वाहायची, आणि मी सायकल दुसऱ्या वाटेनं काढायचो. लाज वाटायची, पण ती सांगायला तोंड नव्हतं. झाडं फुलावर असतानाच वाळली. त्या वावराशिवाय तिला पोट भरायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती खडी फोडायला गेली.

दोन वर्षांनी उमरखेडच्या वाटेवर रस्त्याचं काम चालू होतं म्हणून आमची एसटी थांबली. पाय मोकळे करायला उतरलो, तर खडीच्या ढिगाऱ्यापासून हाक आली, "बापू." तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"मोठा साहेब झाला म्हनते तू?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी सोसला असता. तिनं फडक्यानं तोंड पुसलं आणि मी काही बोलेन म्हणून माझ्याकडे पाहत राहिली.

चुकलो, याडी, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ती मला पुन्हा कधी भेटली नाही. मागून कंडक्टर म्हणाला, "साहेब, दहा मिनिटं लागतीन अजून." मी याडीला "येतो" म्हणालो आणि बसमध्ये जाऊन बसलो, पलीकडच्या खिडकीशी.