भाऊंनी घोटलेलं अंगण

औंढ्यातल्या आमच्या विहाराच्या अंगणात पावसाळाभर पाणी तुंबायचं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या शेवाळावरून माझी आई घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण भीती काही जाईना. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारातलं धम्मग्रंथाचं एकही वाचन न चुकवणारी बाई, आभाळ भरून आलं की घरातच बसायला लागली. मला ते बघवेना. मी काँक्रीटच्या प्लांटवर माल तपासते. हे माझ्याच हातातलं काम होतं. म्हटलं, पाणी थांबणारच नाही असं अंगण करते, नाहीतर बापाचं नाव लावणार नाही.

पाणी मुरू देणाऱ्या काँक्रीटमध्ये वाळू जवळजवळ नसते. एकसारखी बारीक खडी, तिच्यावर सिमेंटचा पातळ लेप, आणि मधल्या फटींतून पाणी खाली दगडांच्या थरात जातं. ओतायला गावातले जुने गवंडी भाऊ आले. मी जेवून येईपर्यंत त्यांनी वरून सिमेंटचं पाणी फिरवून, थापीने घोटून अंगण कसं गुळगुळीत करून ठेवलं होतं. सगळ्या फटी बुजल्या. मी कपाळाला हात लावला.

भाऊ म्हणाले, "उघडी खडी ठिवली तर लोक म्हंतील, म्हाताऱ्याचा हात गेला. विहाराच्या दारात असलं काम मी न्हाई सोडत."

राग आला, पण त्यांनी मायेनंच केलं होतं. ओरडू कोणावर? फोडलं सगळं.

दुसऱ्या खेपेला कडा हातानं सुटायला लागल्या. खडीवर क्रशरची धूळ होती, सिमेंटनं तिला धरलंच नव्हतं. तेही फोडलं. लोक हसले. हसू देत, मी काय पहिल्यांदा हसं करून घेत होते?

तिसऱ्यांदा खडी धुऊन घेतली, जोर यावा म्हणून थोडीशीच वाळू घातली. पाणी किती ते भाऊंनी ठरवलं: मुठीत गोळा वळायचा, तो फुटायला नको आणि बोटांतून ओघळायलाही नको. थापी मी काढून घेतली, नुसता रूळ फिरवला. लगेच प्लास्टिकनं झाकून सात दिवस कोणाला पाय ठेवू दिला नाही.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, आणि धो धो पाऊस. कशीबशी आईला घेऊन निघाले. अंगणात पाय टाकताना तिनं माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. चार पावलं गेल्यावर थांबली, खाली बघत राहिली. पाऊस पडत होता आणि जागच्या जागी मुरत होता.

"सोड हात," ती म्हणाली. "माजी मी जाते."

ती गेली. मी तिथेच भिजत उभी राहिले आणि लहान पोरासारखी रडले.