गुण्याला उतरलेला आकडा

९ ऑक्टोबर १९३४, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. बाबांच्या तोंडातून थर्मामीटर काढून मी खिडकीपाशी नेला. कित्येक दिवस एकशे तीनवर अडून बसलेला पारा उतरला होता. विषमज्वराचा तो एकोणिसावा दिवस. बी.एस्सी.चा अभ्यास अर्ध्यावर टाकून मी मुंबईहून आले होते. बाबा सुधारले तरच परीक्षेला परतता येणार होते.

"नॉर्मल!" मी ओरडले.

शब्द घरात सर्वांना ठाऊक होता. डॉक्टरांच्या तोंडून ऐकून बाबांनीच पूर्वी विचारले होते, "त्याचा अर्थ काय गो?" मी कोश उघडला. मूळ लॅटिन; 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासण्याचे हत्यार. गुण्याला उतरते ते नॉर्मल. भूमितीतला लंबही त्यावरूनच. 'निरोगी' हा अर्थ फार उशिरा चिकटला.

भाट्याच्या खाडीकाठी जन्मभर होड्या बांधलेले बाबा तापातही हसले. "म्हणजे सायबाने शब्दसुद्धा सुताराकडनंच उचलला! पण गुण्या एका अंगाने लावून भागत नाही. उलटून दुसऱ्या अंगानेही लावायचा. नाहीतर फसशील."

"मला सुतारकामाची परीक्षा द्यायची नाहीय, बाबा."

त्या सकाळी आईने देवापुढे नारळ फोडला. बाबा घामाने निथळत होते, ओठ पांढरे पडले होते. "गार वाटतंय," ते म्हणाले. ताप उतरताना घाम येतोच, असे समजावून मी ट्रंक भरायला बसले.

दहाला डॉक्टर आले. मी तापाच्या नोंदींची वही पुढे केली. त्यांनी बाबांचे मनगट धरले.

"सकाळी नाडी किती होती?"

नाडीचा रकाना मीच आखला होता. ताप आणि नाडी जोडीनेच चढतात-उतरतात, असे ठरवून आठवडाभर तो भरला नव्हता.

"आतड्यातून रक्त जातंय," ते हळू म्हणाले. "अशा वेळी ताप पडतो, नाडी मात्र धावत सुटते."

दुपारी दोनला बाबा गेले.

सकाळी कळले असते तरी वाचले असते असे नाही, असे डॉक्टर पुढे म्हणाले. ते वाक्य मी अनेकदा तपासले आहे. माझ्या बाजूने ते दरवेळी बरोबर येते. दुसऱ्या बाजूने लावून पाहायला माझ्याकडे आकडाच नाही. त्या दिवसाच्या ओळीत नाडीचा रकाना कोरा आहे. शेजारी, माझ्या सुबक अक्षरात, ९८.४.