तांदळातलं नाव

बोथ तालुक्याकडच्या गावांत अजूनही नवरदेवाला बजावतात, बायकोला नावानं हाक मार, माणिकराव सांगून गेलेत. माणिकराव सांगून गेले, हे अगदी खरं.

निजामाच्या अमदानीत सभा घ्यायची तर कचेरीची इजाजत लागे. माणिकरावांना ती कधी लागली नाही. ते प्रेमावर बोलत, आणि प्रेमानं तहसीलदाराची खुर्ची हलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या पंगती उठल्या की त्यांना मांडवात गादीवर बसवत.

"बायकोले अवं, अवं काय करता? ते काय बकरी हाये? लग्नात ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिवलं ना तुमी? त्या नावानं हाक मारा, मंग पाहा संसार."

बाया डोळ्यांना पदर लावत. पुरुष घरी जाऊन दोन दिवस नावानं हाक मारत. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'अवं' सुरू होई, पण तो काही माणिकरावांचा दोष नव्हे.

रडत नसे ती फक्त बयनाबाई, त्यांची बायको. एकदा तामसीच्या मांडवात हेच सगळं बोलून घसा कोरडा झाल्यावर माणिकराव तिच्याकडे वळून म्हणाले, "अवं, पानी आन."

तिनं पाणी आणून दिलं आणि तिथूनच भावाच्या गाडीत बसून माहेर गाठलं. मागे निरोप ठेवला: तांदळात लिहिलेल्या नावानं हाक मारली तर येईन.

माणिकरावांना हसू आलं. हाक मारायला काय पैसे पडतात? थाटात पागोटं बांधून ते निघाले, आणि अर्ध्या वाटेत त्यांच्या अंगाला घाम फुटला. नाव आठवेना. चांगलं भारदस्त, लांबलचक काढलं होतं, एवढंच आठवलं. आई वारलेली, लग्न लावणारे भटजीही गेलेले. आणि दुसऱ्या कोणाला विचारायचं तर अब्रूचं खोबरं.

सासऱ्याच्या दारात उभं राहताच सवयीनं तोंडातून गेलं, "अवं!"

शेजारच्या तीन घरांतून तीन बाया बाहेर डोकावल्या. बयनाबाई आली नाही.

मग माणिकरावांनी जे येत होतं ते केलं. प्रेमावर बोलायला लागले. असे बोलले की अंगणात अख्खी आळी जमली. मेहुण्यानं, अमृतरावानं, डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बायकोला "रेणुका" म्हणून हाक मारली.

तेव्हा बयनाबाई तांदळाचं ताट घेऊन बाहेर आली. तिला अक्षर येत नव्हतं. "लिवा अन् वाचून दाखवा," म्हणाली.

माणिकरावांचं बोट तांदळात फिरत राहिलं. अखेर त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं. "नाई आठवत."

लाजेनं त्यांची मान वर होईना. आता ही दार लावून घेणार, असं वाटून त्यांना रडू आलं. पण बयनाबाई उंबऱ्यावर बसली आणि ताट मांडीवर ओढून हातानं तांदूळ सारखे करत बसली.

"माहेरी बयना, तुमच्या घरी अवं," ती म्हणाली. "त्या नावानं कोनी हाकच नाई मारली, तं मी बी इसरली. मले वाटलं, तुमाले तरी याद असंल."